खडकीचा पाणीदार पुरुष

फ्रान्समध्ये कॅनाल द्यू मिदी नावाचा एक जुना कालवा आहे. १६६६ ते १६८१ या काळात तो खणला गेला. पूर्वी त्याच्या काठावरून घोडे चालत आणि दोराने पाण्यातली नाव ओढत. घोडे गेले, पण त्यांची पाऊलवाट राहिली. आज त्याच वाटेवरून हौशी माणसे झाडांच्या सावलीत मजेत सायकली चालवतात, कंटाळा आला की काठावर बसून डबा खातात. ही हकीकत मी वाचनालयात वाचली आणि मनात पहिला विचार आला तो हा, की ऐतिहासिक कालवा तर आपल्याही शहराला आहे. तो त्या फ्रेंच कालव्याहून साठेक वर्षांनी वडील आहे. सायकली तर वसतिगृहाच्या व्हरांड्यात गंजत पडल्याच आहेत. मग अडते कुठे?

अडते ते इतकेच, की आपल्या कालव्याला काठच नाही. तो जमिनीच्या पोटातून जातो. नहर-ए-अंबरी असे त्याचे नाव. वरून जाणाऱ्या माणसाला पाणी दिसत नाही, ऐकू येत नाही. दिसतात ती फक्त ठिकठिकाणी हवेसाठी आणि सफाईसाठी ठेवलेली दगडी तोंडे आणि मधूनच कुठे तरी उभा असलेला एखादा चुनेगच्ची मनोरा. या खुणा शोधत शोधत पाण्याच्या उलट दिशेने, म्हणजे शहरातून डोंगराकडे, सायकल हाणायची, हाच आमचा कालव्याकाठचा प्रवास. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघी मैत्रिणी रविवारी पहाटे हा उद्योग करीत होतो. दिल्ली दरवाजातून बाहेर पडायचे, हिमायतबागेच्या गार हवेत दोन मिनिटे थांबायचे, मग हर्सूलचा लांबट चढ. हा चढ मोटारीत बसलेल्याला कळतसुद्धा नाही, सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना मात्र तो नेमका कळतो. आणि तो कळला की नहर कशी चालत असेल हेही कळते. ज्या उताराने परतताना पायडल न मारता आम्ही घरंगळत येत होतो, त्याच उताराने चारशे वर्षांपूर्वी पाणी शहरात उतरत होते. पंप नाही, मोट नाही. नुसता उतार, आणि तो हेरणारा एक डोळा.

तो डोळा ज्याचा, त्या मलिक अंबराची ही कथा. इतिहासाच्या पेपरात त्याच्यावर पाच गुणांची टीप येते. टिपेत दोन गोष्टी लिहायच्या असतात, गनिमी कावा आणि जमीनमहसूल. पाचांपैकी चार गुण मिळतात. पण हा माणूस टिपेत मावणारा नाही.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. पोर वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. कोणी म्हणतात लढाईत पकडला गेला, कोणी म्हणतात दारिद्र्यापायी घरच्यांनीच विकला. काहीही असो, तांबड्या समुद्राच्या पलीकडे मोखा बंदरात त्याचा सौदा झाला आणि मग तो हातोहात बगदादपर्यंत गेला. तिथे मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला ओळखले. ओळखले म्हणजे या पोराच्या डोक्यात काही आहे हे त्याला समजले. त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. बाजारात विकत घेतलेल्या पोराला लेखणी देणारा हा मीर कासीम मला फार मोठा माणूस वाटतो. त्याच्याविषयी इतिहासात याहून जास्त काही नाही.

मीर कासीमबरोबरच तो दख्खनेत आला आणि इथे पुन्हा विकला गेला. या वेळी घेणारा होता चंगीजखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. मौज अशी, की हा चंगीजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते, त्यांतला अंबर एक. मात्र धन्याच्या सहवासात दरबार कसा चालतो, हिशेब कसा ठेवतात, फौज कशी पोसतात हे तो पाहत होता. १५७५ च्या सुमारास चंगीजखान वारला आणि त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पायातली बेडी गेली, पण पोटाला काय? पुढची वीस वर्षे तो भाडोत्री शिपाई म्हणून विजापूर आणि गोवळकोंडा अशा दरबारांचे उंबरे झिजवत राहिला. ही वीस वर्षे चरित्रकार एका परिच्छेदात उरकतात. मीही उरकते. एवढेच सांगते, की त्या काळात त्याने स्वतःभोवती माणसे जमवली आणि त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ मध्ये तो अहमदनगरास परत आला तेव्हा त्याच्यामागे दीडशे स्वार होते.

ती वेळ निजामशाहीच्या घरघरीची होती. अकबराच्या फौजा दाराशी आल्या होत्या. चांदबिबीने किल्ला झुंजवला, पण १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारले आणि अहमदनगर पडले. सुलतान कैद झाला. राज्य संपले असे सगळ्यांनी धरून चालले. मुघलांच्या हाती किल्ला होता, शहर होते, तख्त होते. मलिक अंबराने मात्र त्याच साली राजघराण्यातला एक तरुण हुडकून काढला, परंड्याला त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला देऊन टाकली. राज्य म्हणजे किल्ला नव्हे, राज्य म्हणजे गादीवर बसलेला कोणीतरी आणि त्याच्यासाठी लढणारी माणसे, हे त्याला उमगले होते. यानंतर परंडा, औसा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. निजामशाही जवळजवळ घोड्याच्या पाठीवर नांदत होती.

पहिली काही वर्षे त्याला दोन आघाड्यांवर लढावे लागले. समोर मुघलांचा खानखानान अब्दुर्रहीम आणि पाठीमागे निजामशाहीतलाच प्रतिस्पर्धी राजू दख्खनी. १६०२ मध्ये नांदेडकडच्या लढाईत खानखानानाच्या मुलाने त्याला इतके जखमी केले, की त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. बरा झाल्यावर त्याने खानखानानाशी तह केला, तेवढ्या उसंतीत राजूला गाठले आणि १६०७ पर्यंत त्याचा निकाल लावला. मुघलांशी तह करायचा तो दम घ्यायला, हे त्याचे कायमचे धोरण होते.

लढण्याची त्याची रीत आता शाळकरी पोरांनाही पाठ असते. मुघलांची फौज म्हणजे चालते शहर. तोफा, हत्ती, बाजार, जनाना सगळे बरोबर. तिच्याशी मैदानात भिडायचे नाही. रसद तोडायची, चारा जाळायचा, रात्री छापा घालायचा, आणि पाठलाग झाला की डोंगरात विरून जायचे. या कामाला मराठे स्वारांसारखे दुसरे कोणी नव्हते. त्याच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते असा १६१० सालचा एका परकीयाचा अंदाज आहे. शहाजीराजांची पहिली मोठी लढाई त्याच्याच निशाणाखाली झाली.

इथे मला माझ्या गावाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मी अजिंठ्याची. लोकांना अजिंठा म्हटले की लेणी आठवतात, पण गाव घाटाच्या वर आहे आणि लेणी घाटाच्या खाली. आमच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की पायाशी खानदेश पसरलेला दिसतो. त्या काळी मुघलांचे ठाणे होते तापीकाठी बऱ्हाणपूरला. दख्खनेवर चालून यायचे म्हणजे ही अजिंठ्याची डोंगररांग चढूनच यावे लागे. पायथ्याशी बादशाही सैन्य आणि माथ्यावर हलके घोडे घेऊन दबा धरलेले अंबराचे स्वार, हे चित्र मला लेण्यांतल्या चित्रांइतकेच स्पष्ट दिसते. गावात मात्र मलिक अंबराचे नाव काढले तर लोक विचारतात, कोण, मलकापूरचा का?

१६१० साल त्याच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. एक कारण काळे आहे, आणि ते झाकून पुढे जाणे बरोबर नाही. ज्याला आपण गादीवर बसवले, ज्याला मुलगी दिली, त्या मुर्तझाचा आणि त्याचा बेबनाव झाला. पीटर व्हान डेन ब्रुके नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत जाऊन आला होता. त्याच्या बखरीवरून दिसते, की सुलतानाच्या इराणी बेगमेने सवतीला, म्हणजे अंबराच्या लेकीला, गुलामाची पोर म्हणून हिणवले. मुलीने बापाला सांगितले. बापाने सुलतान आणि बेगम दोघांनाही विष घालून संपवले आणि सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले. साठी ओलांडलेला, राज्याचा सर्वेसर्वा झालेला पुरुष, पण तो एक शब्द त्याला सहन झाला नाही. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. काही जणींना त्यात बापाचे काळीज दिसले. मला त्यात निव्वळ बापाचे काळीज दिसत नाही, सत्ता गमावण्याचे भयही दिसते. आणि आणखी एक गोष्ट बोचते. हा मुक्त झालेला गुलाम स्वतःही हबशी गुलाम विकत घेत होता. त्यांना शिकवत होता, सरदार करीत होता हे खरे, पण घेत होता बाजारातूनच. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना अशा जागी लेखणी अडखळते, आणि अडखळू द्यावी असे माझे मत आहे.

दुसरे कारण खडकी. दौलताबादच्या आग्नेयेला काही कोसांवर खाम नदीकाठी हे छोटेसे खेडे होते. नावातच सगळे आले, खडक. १६१० मध्ये त्याने तिथे राजधानी करायचे ठरवले. दौलताबादचा अभेद्य किल्ला जवळ, भोवती डोंगर, मोकळे पठार. फक्त एक गोष्ट नव्हती, माणसांना पुरेल इतके पाणी. खाम ही उन्हाळ्यात हिरमुसणारी नदी. तिच्या भरवशावर छावणी राहील, शहर राहणार नाही. पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी महंमद तुघलकाने दिल्ली उठवून दौलताबादेस आणली होती आणि ती टिकली नाही, हा धडा शेजारीच पडलेला होता.

मलिक अंबराने काय केले, ते सायकलवरून फिरताना जसे समजले तसे सांगते. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरांत पावसाचे पाणी मुरते. वरून कोरडे दिसले तरी खडकाच्या भेगांतून ते खाली सरकत असते. त्या उंच भागात विहिरी खणून हे मुरलेले पाणी गोळा करायचे, आणि विहिरीच्या तळापासून शहराच्या दिशेने बोगदा काढायचा. बोगद्याला उतार द्यायचा तो अगदी बेताचा. जास्त दिला तर पाणी भिंती खरवडून नेते, कमी दिला तर गाळ साचतो. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर उभी तोंडे ठेवायची. त्यांतून खणताना माती वर काढता येते आणि नंतर माणूस खाली उतरून सफाई करू शकतो. पाणी जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने आटत नाही आणि शत्रूच्या हाती सहज लागत नाही. शहराशी पोचले की खापराच्या नळांतून ते हौदाहौदांत वाटायचे. सखल जागा आली तर? पाणी बंद नळातून खाली जाऊन पलीकडे जवळजवळ पहिल्या उंचीपर्यंत पुन्हा चढते. वाटेत उभे केलेले मनोरे याच युक्तीवर चालतात. पाणी त्यांत चढते, अडकलेली हवा निघून जाते, आणि पाणी पुढच्या नळात उतरते.

ही तोंडे एकंदर १४० होती असे सांगतात. काम १६१७ च्या सुमारास पुरे झाले, पंधरा महिने लागले आणि अडीच लाख रुपये खर्च आला, असेही सांगतात. त्याचा वजीर मुल्ला महंमद ही कल्पना ऐकून हसला होता अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा खोटी, असा एक मुल्ला महंमद प्रत्येक कामाच्या वेळी हजर असतोच. आमच्या सायकलफेरीच्या वेळी तो वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता.

अशी भुयारी नहर ही मूळची इराणकडची विद्या. तिकडे तिला कनात म्हणतात. दख्खनेत बिदरला ती आधीच आलेली होती. पण मला आणखी एक शंका येते. बगदादमध्ये वाढलेल्या त्या गुलाम पोराने अशी पाण्याची वाट तिकडेच पाहिली नसेल कशावरून? पुरावा नाही, केवळ माझा तर्क आहे. पुरावा आहे तो दुसऱ्याच एका गमतीचा. १६१५ मध्ये, म्हणजे अगदी याच वेळी, बऱ्हाणपूरलाही डोंगरातले पाणी भुयारातून शहरात आणले गेले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. आणि ते झाले खानखानान अब्दुर्रहीमच्या अमदानीत. एकमेकांचे गळे धरलेले दोन सेनापती, मध्ये आमची अजिंठ्याची डोंगररांग, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघेही पाण्यासाठी भूमी पोखरीत होते!

नहरीच्या जोडीला त्याने शहर वसवले. भडकल दरवाजा १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. काळी मशीद, नौखंडा महाल हेही त्याचेच. आणि खेड्यापाड्यांसाठी त्याने महसुलाची घडी बसवली. सारा वसुलीचे मक्ते देण्याची पद्धत त्याने मोडली. मक्तेदार रयतेला पिळतो आणि सरकारलाही फसवतो. त्याऐवजी जमिनीचा मगदूर आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरू लागला. आधी धान्यरूपाने, सुमारे दोन पंचमांश, आणि मग काही हंगामांच्या अनुभवावरून रोखीत, सुमारे एक तृतीयांश, असे परंपरा सांगते. पाटील-कुलकर्ण्यांची गावगाड्यातली घडी त्याने पुन्हा बसवून दिली. सततच्या लढायांतही शेतकरी नांगर टाकून पळाला नाही, याचे रहस्य इथे आहे. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतही याच रीतीचा आधार घेतला गेला.

जहांगीर बादशहाला हा माणूस काट्यासारखा सलत होता. आपल्या आत्मचरित्रात तो अंबराचा उल्लेख कधी सरळ करीतच नाही, शिवी जोडूनच करतो, आणि शिवी बहुधा कातडीच्या रंगावरून. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढवून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण मारीत आहे. हे चित्र आज आयर्लंडात डब्लिनच्या संग्रहालयात आहे. चित्र १६१६ च्या सुमाराचे. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला, आणि जहांगीराला तो प्रत्यक्षात कधीही दिसला नाही. व्हान डेन ब्रुकेने मात्र त्याला डोळ्यांनी पाहिले. उंच, धिप्पाड, रोमन पुतळ्यासारखा करारी चेहरा, असे त्याचे वर्णन त्याने केले आहे. राज्यात चोरीचिलटाचे भय नाही, याचेही त्याला कौतुक वाटले.

पण बादशहाचा राग चित्रापुरता राहिला नाही. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबराचा मोठा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी जाळली. मुघल वळले, त्याने पुन्हा उभारली. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, चालून आला. त्याच्या फौजेने खडकीत तळ दिला आणि दहा वर्षांत उभे राहिलेले शहर काही दिवसांत जमीनदोस्त केले. ही पाने वाचताना माझ्या मनात येते, की घरे जळाली, महाल पडले, पण जे जमिनीखाली होते ते वाचले. लोक परतले ते पाण्यासाठी. पाणी वाहत राहिले म्हणून शहर पुन्हा उठले.

त्याची सर्वांत मोठी लढाईही पाण्यानेच जिंकली गेली. १६२४ साल. मुघल आणि विजापूरचा आदिलशहा एकत्र आले. अंबराचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्याने अहमदनगरजवळ भातवडीला तळ दिला आणि तिथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेवर चिखल झाला, तोफा-गाडे रुतले, छावणीत उपासमार सुरू झाली, माणसे फुटून इकडे येऊ लागली. मग रात्रीचे छापे आणि शेवटी झडप. दोन बलाढ्य फौजांचा एकाच लढाईत मोड झाला. शहाजीराजे या लढाईत चमकले, त्यांचे बंधू शरीफजी पडले. कवींद्र परमानंदाने शिवभारतात या लढाईचे वर्णन केले आहे. खडकीला ज्याने थेंबाथेंबाने पाणी आणले, त्यानेच भातवडीला ते एका झटक्यात सोडून दिले.

१६२६ च्या मे महिन्यात तो वारला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्याच्या मृत्यूची नोंद करताना मुघलांचाच इतिहासकार मोतमिदखान याने शिव्या बाजूला ठेवल्या आणि युद्धकलेत, कारभारात व शहाणपणात या माणसाला जोड नव्हती असा निर्वाळा दिला. त्याची कबर खुलताबादला आहे. तिथेच पुढे औरंगजेबही पुरला गेला. प्रवासी औरंगजेबाची कबर पाहतात आणि बसमध्ये चढतात. थोड्या अंतरावर घुमटाखाली मलिक अंबर आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा आहे, तिकडे क्वचितच कोणी फिरकते.

मुलगा फत्तेखान बापासारखा निघाला नाही. बापाने सव्वीस वर्षे जपलेले राज्य त्याने सात वर्षांत घालवले. बापाने गादीवर बसवलेल्या सुलतानालाही त्याने मारले, आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हवाली केले. शहराला त्याने फत्तेनगर हे नाव दिले होते. १६५३ मध्ये औरंगजेबाने ते औरंगाबाद केले, आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, पण पुढच्या प्रत्येक धन्याने पाण्यासाठी अंबराचीच रीत उचलली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथे अशा डझनभर नहरी झाल्या. पाणचक्की त्यांतल्याच एका नहरीवर, १७४४ सालची. पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्की दाखवतो, उंच भिंतीवरून पडणारे पाणी दाखवतो. ते पाणी डोंगरातून जमिनीखालून येते, हे सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

आता आमच्या मोजणीविषयी. सहा रविवारांत आम्हाला नहरींची एकोणीस तोंडे सापडली. त्यांतली चार दगडी झाकणासह शाबूत आहेत. एका तोंडात खडा टाकला तर खाली पाण्याचा आवाज येतो; तिथे आम्ही बराच वेळ खडे टाकीत बसलो होतो. सात मातीने बुजली आहेत. पाच कचऱ्याने भरली आहेत, एकात तर कोणी सांडपाण्याची नळी सोडली आहे. दोन घरांच्या अंगणात आली आहेत. त्यांतल्या एका घरच्या आजींनी आम्हाला चहा दिला आणि त्यांच्या लहानपणी याच तोंडातून दोरीने कळशी सोडून पाणी काढत असत असे सांगितले. आता त्यांच्याकडे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. एकोणिसावे तोंड एका पत्र्याच्या शेडखाली आहे आणि त्यावर पिठाच्या गिरणीचा काटा ठेवलेला आहे. गिरणीवाल्या काकांना ते काय आहे ते ठाऊक नव्हते. ऐकल्यावर त्यांनी काटा बाजूला सरकवला आणि आमच्याबरोबर तेही आत डोकावले.

जटवाड्याच्या बाजूचा भाग अजून राहिला आहे. त्यासाठी चांगल्या ब्रेकच्या दोन सायकली हव्या आहेत.